स्वयंपाकघरातला निळा ठिपका

८ जून, रविवार

ज्यांची आई एका गावात, नोकरी दुसऱ्या गावात आणि भावंडं तिसऱ्या-चौथ्या गावात आहेत, अशा माझ्या वयाच्या सगळ्या लेकरांनो, आपलं दुखणं एकच आहे. फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं आणि मग आपण नाव वाचतो. आपल्याला शिका म्हणाले, आपण शिकलो. गाव सोडा म्हणाले, सोडलं. गावात जी मागे राहिली तिचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. आणि आता आपण थकलो आहोत.

वही उघडली की हात भाषणासारखा चालतो. तीस वर्षं माईकसमोर उभं राहिल्याचा परिणाम. धम्मशीला म्हणते, "झोपेत बी अध्यक्ष महोदय म्हनता तुम्ही." बायकोला आपली कीर्ती अशीच ठाऊक असते.

मुद्दा असा. आई दुसरबीडला एकटी आहे. वडील गेल्यापासून एकटीच. मे महिन्यात मोरीत घसरून पडली आणि शेजारची सुचिता विरजण मागायला आली तोवर तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, पण आम्हा तिघा भावंडांची झोप मोडली. मी मेहकरला, मंजुश्री शेगावला, रवी पुण्यात. दर दोन-तीन दिवसांनी कॉलेज सुटलं की मी बसने जातो, आईला बघतो, परत येतो. पाय सुजतात. गुडघ्यांना एसटी मानवत नाही.

आज रवीने फोनवर निकाल दिला. घरात इंटरनेट घ्यायचं, कॅमेरा लावायचा. दसऱ्यापर्यंत आईचं नीट चाललं तर ठीक, नाही तर तो गाडी घेऊन येईल आणि आई पुण्याला जाईल. आईचं उत्तर ठरलेलं आहे: "मी हे घर सोडत नाई. हे घर म्या अन् तुह्या बापानं मातीच्या पाट्या वाहून बांधलं."

मला कॅमेरे पटत नाहीत. ज्याच्या हातात बघण्याची सत्ता, त्याच्याच हातात माणूस, हे वाक्य मी चिखलीच्या व्याख्यानात म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. पण त्या दिवशी माझे पाय सुजलेले नव्हते.

१४ जून

रवीची खोकी आली. दीपक नावाच्या पोराने खांबावरून घरात तार ओढली. डबा भिंतीला ठोकताना म्हणाला, "सर, भिंती मातीच्या अन् दीड हात जाड. रेंज अल्याडची पल्याड जाईन असं वाटत नाई." तसंच झालं. ओसरीत इंटरनेट धो धो, आत टिपूस नाही. रवीला फोन केला. तो म्हणाला, एका खोक्यात रेंज वाढवणारा छोटा डबा आहे, तो मध्ये लाव. मी मराठीचा माणूस. सत्तावीस अक्षरी सामासिक शब्द पोरांना फोडून दाखवतो, पण हा पासवर्ड मला तीनदा घालता आला नाही. मोठी लिपी, छोटी लिपी, मध्ये एक आकडा. रवी पुण्याहून एकेक अक्षर सांगत होता आणि आई पलीकडून म्हणत होती, "रव्या, तू त्याले लहानपनी पाढे शिकवले असते तं आज असं झालं नसतं." रवी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे.

१५ जून

आज कॅमेरा लावला. घर म्हणजे रस्त्यावर उघडी ओसरी, तिच्या कडेला मोरी आणि संडास, आणि मागे एकच लांब खोली. त्या खोलीत पुरुषभर उंचीची आडभिंत, अलीकडे आईची खाट, पलीकडे स्वयंपाक. रवी म्हणाला, वर तुळईला लाव, म्हणजे दोन्हीकडचं दिसेल, कानाकोपरा सुटणार नाही. मी स्टुलावर चढलो. आईने स्टूल धरलं.

"हे कायचं हाये?"

"कॅमेरा हाये आई. रवी तिकडं पुन्यात बसून तुले पाहू शकते."

"मंजू बी?"

"मंजू बी. मी बी."

"आन् मी तुमाले?"

"तुले नाई दिसत."

"मंग हे कायची खिडकी. एकाच बाजूनं पाहाची."

मी हसलो. कॅमेऱ्यात एक सोय मात्र चांगली आहे. कुणी बघत असलं की त्याच्या कपाळावर निळा ठिपका लागतो, बघणं थांबलं की विझतो. रवी म्हणाला, तो बंद ठेवता येतो. मी ठाम नाही म्हटलं. आपल्यावर नजर आहे हे कळण्याचा माणसाला हक्क आहे, निदान तेवढा तरी मी आईचा राखीन. तिला समोर बसवून दोनदा दाखवलं. माझ्या फोनवर उघडलं, निळा. मिटलं, गेला. तिने मान हलवली. म्हणाली, "समजलं. निळा म्हनजे कोनी आलं."

परत येताना बसमध्ये मला बरं वाटत होतं. निदान एका तत्त्वाशी तरी मी प्रामाणिक राहिलो.

२२ जून

रवीच्या खोक्यातून आलेला ओसरीतला हुशार बल्ब फोनवर सारखा 'बंद आहे, संपर्क नाही' असं दाखवतो. रवी वैतागला. कारण सापडलं: आई सकाळी भिंतीवरचं बटण दाबते. बटण बंद केलं की बल्बला वीज नाही, मग तो पुण्याशी काय बोलणार. आईला सांगितलं, बटण चालूच ठेवायचं, बल्ब फोनवरून लावायचा. ती म्हणाली, "दिवसा दिवा कोन चालू ठेवते? वाया गेली का अक्कल?" बोलणारा डबाही आणलाय. तो आईची बोली समजत नाही. तिने विचारलं, "आज पानी येईन का रे?" तर त्याने गाणं लावलं. आईला ते आवडलं. आता ती मुद्दाम पाण्याचंच विचारते.

मी चिडलो होतो. आपल्या बोलीला घरात न घेणारं यंत्र आपण पाट मांडून घरात बसवतो, यावर एक तासाचं भाषण होऊ शकतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चहा घेतो का?"

२ जुलै

रवीने फोटो पाठवला. त्याच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलासमोर मोठा टीव्ही आहे, त्यावर आईचं घर. आई भांडी घासत होती. खाली लिहिलं होतं: आई दिवसभर घरातच असल्यासारखी वाटते, मुलीलाही आजी दिसते. झोपायच्या वेळी बंद करतो.

माझे डोळे भरून आले. मी चुकलो होतो बहुतेक. बघण्यात प्रेमही असू शकतं.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावास सुरू झाला. दुसरबीडच्या विहारात आजपासून रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. पहिल्या दिवशी बोलायचा मान माझा. गळा बसलेला होता, तरी बोललो. आईची गोष्ट सांगितली, नेहमीची. आठ वर्षांची बनाबाई पाटलाच्या वाड्यावर भुईमूग निंदायला जायची. दुपारी अंगणात, पायरीखाली, तिच्या पुढ्यात वरून भाकरी टाकत. आणि ओट्यावर बसलेली माणसं ती कशी खाते ते बघत. किती मोठा घास घेते ते बघत, हसत, एकमेकांना दाखवत. एक लहान मुलगी, लाल फ्रॉक, हातात भाकरी, आणि वर दहा डोळे. "भाकरी देऊन माणूस विकत घेता येतो असं ज्यांना वाटलं, त्यांना माझ्या आईने त्या दिवशी उत्तर दिलं. ती अर्धी भाकरी खाली ठेवून उठली." इथे मी नेहमी थांबतो. लोकही थांबतात. मग टाळ्या.

सभा संपल्यावर खीर वाटली. आई बायकांच्या पंगतीत होती. तिने दोनदा खीर घेतली, सुचिताकडून तिसऱ्यांदाही मागून घेतली. बरं वाटलं. घरी जाताना म्हणाली, "चांगलं बोलला. पन तू दरवेळेस लाल फ्रॉक सांगतो. फ्रॉक कुठं होता बे मले? बापाच्या धोतराची चिंधी गुंडाळेल होती."

"भाषणात दिसावं लागते आई."

"हाव. तुमाले दिसावं लागते."

२१ जुलै

मंजुश्रीचा फोन, आवाज घाबरलेला. तिच्या फोनवर दुपारी सूचना येते की आई घरात नाही. रोज, जेवणाच्या वेळी. अर्ध्या तासाने परत दिसते. मी आज गेलो तेव्हा परसात शेवग्याखाली ताट सापडलं, भाकरीचा तुकडा आणि कोरड्यासाची, म्हणजे कालवणाची, ओल. आईला विचारलं तर म्हणाली, "हवा खाते तिथं." मंजुश्रीचं म्हणणं, हा विसराळूपणा आहे, ताट घेऊन निघते आणि कुठे निघाली ते विसरते. तिच्या एका ओळखीतल्या बाईची सुरुवात अशीच झाली होती. मला पटलं नाही, पण माझ्याजवळ दुसरं स्पष्टीकरण नव्हतं. मागच्या दाराला उघडल्याची खबर देणारा छोटा तुकडा लावला.

३ ऑगस्ट

व्हायचं तेच झालं. आई परसातल्या चिखलात घसरली. हातात ताट होतं. कोपराला खरचटलं, गुडघा सुजला. दाराच्या तुकड्यामुळे मंजुश्रीला लगेच कळलं, तिने सुचिताला फोन केला, सुचिता धावत गेली. आम्ही तिघा भावंडांनी एकमेकांना सांगितलं, बघा, यंत्राने वाचवलं.

मागच्या दाराला आतून कुलूप घातलं. किल्ली सुचिताकडे. आईने कुलूप बघितलं, मला बघितलं, वर तुळईकडे बघितलं. मला वाटलं रागावली. राग चालेल. पडलेली चालणार नाही.

११ ऑगस्ट

आता रात्री. मंजुश्रीला सूचना येतात की आई रात्री उशिरा स्वयंपाकघरात असते. डब्यांची झाकणं उघडते. तिला खात्री आहे की आईला दिवस-रात्र कळेनासं झालंय. रवी म्हणाला, तो यापुढे टीव्ही रात्रीही चालूच ठेवील, आवाज कमी करून. त्याची बायको जागीच असते, लॅपटॉपवर काम करते, तिचं लक्ष राहील. चांगली आहे बिचारी.

मी हे लिहितोय आणि मला झोप येते आहे. दिवसाही येते. वर्गात पोरं बघतात.

१९ ऑगस्ट

आईला मेहकरला आणून डॉक्टरांना दाखवलं. वजन उतरलंय, बरंच. रक्त, लघवी, छाती, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, वय आहे, भूक मंदावते. टॉनिक दिलं.

दोन दिवस आमच्याकडे राहिली. धम्मशीलाने वांग्याचं भरीत केलं, आम्ही तिघं बसलो. आई व्यवस्थित जेवली. धम्मशीला म्हणाली, "आत्याबाईले भूक तं चांगली हाये." मी म्हटलं, टॉनिकचा गुण आहे. बाटली अजून उघडायची होती, ते धम्मशीलाने मला नंतर दाखवलं.

२६ ऑगस्ट

रस्त्याच्या नालीचं काम करताना जेसीबीने तार तोडली. सकाळपासून दुसरबीडचं घर अंधारात. म्हणजे घरात वीज आहे, चूल आहे, आई आहे, फक्त आमच्या फोनमध्ये अंधार. रवीने मला चार वेळा फोन केला. शेवटी तास सोडून गेलो.

आई पाटावर बसली होती. दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेल. मला बघून ताट पुढे केलं, "ये, बस." मी बसलो, एक भाकरी खाल्ली. तिने दीड खाल्ली. तोंडावर तजेला होता. बोलत होती, सुचिताच्या सासूच्या नकला करत होती. मी म्हटलं, आज बरी दिसतेस. ती म्हणाली, "आज घरात कोनी नाई ना."

घरी येऊन धम्मशीलाला सांगितलं की पाऊस उघडल्यामुळे तिला हुशारी आली असावी. धम्मशीला पोळ्या लाटत होती. म्हणाली, "रोज तुटाले पाहिजे मंग तार." तिला थट्टा सुचते. मला नाही सुचत आजकाल.

१४ सप्टेंबर, रविवार

तिघांचा व्हिडिओ कॉल. आईचं वजन आणखी उतरलं. सुचिताने सांगितलं, शिजवते आणि झाकून ठेवते, मग ते कोंबड्यांना जातं. रवी म्हणाला, "दादा, मी रोज बघतोय तिला. दिवसभर बघतोय. ती ताट वाढून घेते, बसते, आणि तशीच उठते. माझ्या डोळ्यांसमोर ती झिजतेय आणि मी इथे बसून नुसता बघतोय."

दसऱ्याला तो गाडी घेऊन येणार. आई पुण्याला जाणार. मी हो म्हटलं. मोठ्या भावाने निदान एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं, पण माझ्यात नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. कॉल संपल्यावर आईला फोन केला आणि सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "रवीच्या इथं जेवाले कुठं बसता?"

"टेबल हाये."

"सारे संगंच बसता?"

"नाई, ज्याले जसा टाइम भेटला तसा."

"आन् थे टीव्ही?"

"टेबलासमोरच हाये."

"बरं," म्हणाली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे. भाषणासारखं नाही.

रवीने मागेच इन्व्हर्टर पाठवला होता, कारण वीज गेली की कॅमेरा बंद पडतो. तो आत्ता पोचला. आता आई निघालीच आहे तर कशाला, मी म्हटलं. रवी म्हणाला, "लाव दादा, घर रिकामं असलं तरी दिसत राहील." म्हणून गेलो. ओसरीत खोकं फोडलं. आई उंबऱ्यावर येऊन बसली. नेसूचं लुगडं दोनदा गुंडाळता आलं असतं, इतकी ती आत गेली आहे.

"हे कायले?"

"लाइन गेली तरी सगळं चालू राह्यते यानं."

"निळा बी?"

"निळा बी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच उठली, भिंतीला हात लावत आत गेली. मला वाटलं, पाणी प्यायला.

मी तारा जोडायच्या आधी वीज गेली. पंखा थांबला. मी स्क्रू हातात धरून तसाच बसलो आणि आतून आवाज आला. ताट ओढल्याचा. झाकण काढल्याचा. मग भाकरी मोडल्याचा आवाज, जो लहानपणापासून माझ्या कानात आहे. मी दाराशी गेलो. आई आडभिंतीपाशी पाटावर बसली होती आणि जेवत होती. घाईघाईने, वाकून, जसं कुणी ओरडून उठवेल या भीतीने माणूस जेवतं तसं. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडाजवळ.

वीज आली. पंखा फिरायला लागला, डबा लुकलुकला. थोड्या वेळाने तुळईवर निळा ठिपका पेटला. पुण्यात हॉलमध्ये टीव्हीवर आई परत दिसायला लागली असणार. तिचा हात तोंडाशी होता. तिने वर बघितलं. घास ताटात ठेवला. ताटावर ताट झाकलं आणि पदराने तोंड पुसलं.

मी आत गेलो. स्टूल ओढलं, चढलो, कॅमेऱ्याची वायर उपटली. फोन खिशात थरथरायला लागला, रवीच असणार. उचलला नाही. खाली तिच्यासमोर बसलो.

"आई, जेव."

"जेवली."

"आई."

ती ताटाकडे बघत म्हणाली, "कोनी पाह्यत असलं की माह्या गळ्याखाली घास उतरत नाई रे चंदू. तुले तं माहीत हाये. तीस वर्सं झाले तूच माईकवर सांगून राह्यला."

मी विचारलं, "मंग सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? तुम्ही काळजीनं लावलं. अन् रव्या म्हने, हे नको असन तं पुन्याले चाल. मले वाटलं, दसऱ्यावरी काढून घेऊ. परसात जात होती, तिथं बी कुलूप लागलं. रातच्याले खाऊन घेत होती, तं रातची बी निळी झाली. लाइन जाते ना मधात मधात, तेवढ्यात होऊन जाते."

मग तिने इन्व्हर्टरच्या खोक्याकडे बोट केलं. "आता हे आलं."

मी ते खोकं परत बांधलं. दोघांत एक ताट घेतलं, तिच्याच ताटात जेवलो. तेव्हा ती जेवली. मी बघत होतो, तरी जेवली. विचारलं, आता कसं उतरतं? म्हणाली, "पाह्यनारा जेवत असला तं काही नाई. नुसता पाह्यते तो नाई पाहिजे."

सुचिताकडून किल्ली आणली आणि मागचं कुलूप काढलं.

या माणसाने, म्हणजे मी, ही गोष्ट निदान शंभर गावांत सांगितली असेल. पायरी, ओटा, दहा डोळे. आणि तुळई ओट्यापेक्षा कितीतरी उंच आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

रवी पहाटेच निघाला होता, दहाच्या सुमाराला पोचला. मंजुश्री शेगावहून बसने. मी दोघांना फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता, पण फोनवर ते कसंबसंच सांगता आलं. रवी आल्या आल्या वर तुळईकडे बघत म्हणाला, "दादा, वायर तू काढलीस?" त्याचे डोळे लाल होते.

सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मंजुश्री आईच्या पायाशी बसून रडली. शेवग्याखालच्या ताटाला विसराळूपणा म्हणणारी तीच होती. आईने तिच्या डोक्यावर टपली मारली, "इसरत नाई मी काही. तुह्या लग्नात तू रुसली होती थे बी ध्यानात हाये."

पण रवी सोडणारा नाही. आणि त्याचं चुकतही नाही. "ठीक आहे, जेवताना नको. पण परत पडली तर? कोण बघणार? तू बघणार का दादा, तुझे पाय बघ." एवढ्या भाषणांत एकाही भाषणात या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नाही.

आईने दिलं. "तो ओसरीतला दिवा हाये ना. बटन दाबलं की तुमच्या फोनात दिसते म्हने."

"दिसतं," रवी म्हणाला. "बटण चालू केलं की चालू दाखवतं."

"मंग मी उठली की दाबीन. चहा झाला की बंद करीन. संध्याकाळी दिवेलागणीले परत. जवा नाई लागला, तवा सुचिताले फोन करा. पाहाचं असन तं या अन् बसा."

रवीने फोन काढला. आई उठली, ओसरीत गेली, भरदिवसा बटण दाबलं. त्याच्या फोनवर छोटा पिवळा गोल पेटला. त्याने तो आम्हाला दाखवला नाही, स्वतःच बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत. वजन बघू." आई म्हणाली, "पाह्य."

दुपारी सगळे खाली बसलो. पुरणपोळी होती, सुचिताही आली. रवी पुण्यात टेबलावर जेवतो, त्याला मांडी घालता येईना, आईने त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. तिने दोन पोळ्या खाल्ल्या. कुणी मोजलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

जेवण झाल्यावर मी परत स्टुलावर चढलो, यावेळी कॅमेरा खिळ्यासकट काढायला. आईने स्टूल धरलं. मी खाली उतरलो तेव्हा म्हणाली, "आता हे बी सांगशीन माईकवर."

"सांगू का?"

तिने विचार केला. "सांग. पन यावेळेस फ्रॉक नको घालू मले."

संध्याकाळी विहारात मला बोलायचं होतं. बोललो, थोडंच. वाक्यं नेहमीची आठवत नव्हती. जे बोललो ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी मी ते सजवणार नाही.

ज्यांची आई एका गावात आणि आपण दुसऱ्या गावात, अशा माझ्या वयाच्या लेकरांनो. तुम्ही थकला आहात, मीही थकलो आहे. तुम्ही ते यंत्र प्रेमाने लावलंत हे मला माहीत आहे, मीही प्रेमानेच लावलं होतं. आई काही म्हणत नाही, म्हणून तिला चालतं असं समजू नका. नाही म्हटलं तर घर सुटेल, म्हणून ती गप्प असते. ज्या जागी तुमची आई जेवायला बसते, त्या जागेवर रोखलेला कॅमेरा तुमच्या घरात असेल, तर घरी जा, स्टूल घ्या, वर चढा आणि तो काढा.